दादा, तुझं टायमिंग बरोबर होतं

दादा,

तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन परवा झालं. त्रिशरण-पंचशील झालं आणि पानं वाढायच्या आधी माणसं एकेक करून तुझ्याबद्दल बोलायला उठली. तुझ्या कारखान्यातले तिघे, शेजारचे दोघे. पाचांपैकी चौघांनी एकच गोष्ट सांगितली. प्रल्हाद तरुणपणी किती तापट होता, रागाच्या भरात त्यानं गाडीचं टायमिंग कसं चुकीचं बसवलं, किक उलटी बसून पाय कसा मोडला, आणि त्या दिवसापासून माणूस कसा बदलला. 'रागात हात चुकतो' हे तुझं वाक्य चौघांनाही पाठ होतं. एकानं तर ते मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय म्हणे.

मलाही बोलायला सांगितलं. मी म्हटलं, घसा बसलाय. घसा बसला नव्हता.

तुझा हात चुकला नव्हता, दादा. टायमिंग मी बिघडवलं होतं.

एवढं लिहिलं की खरं तर काम संपलं. पण तू एवढ्यावर सोडणारा नव्हेस. कुणी गाडी ढकलत आणली आणि 'बंद पडली' म्हणाला की तू ओरडायचास, "बंद आहे ते मला दिसतंय. बंद पडायच्या आधी काय झालं ते सांग." म्हणून आधीपासून सांगते.

ती साडेतीनशे सीसीची फटफटी तू उल्हासनगरच्या लच्छूशेठच्या भंगारातून उचललीस तेव्हा तिचं काहीच धड नव्हतं. इंजिनात गंजाचं पाणी, टाकीला मुठीएवढा पोचा, सीटच्या जागी गोणपाट.

"साईं, ये गाडी नहीं, मुर्दा है," लच्छूशेठ म्हणाला. "मुर्दा घर ले जाके क्या करेगा?"

"उठवून तुझ्याच दारात आणून उभी करतो," तू म्हणालास.

त्याचा हमाल हसला. तू त्याची मान धरून त्याला पत्र्याच्या ढिगात घातलंस. कपाळ फाटलं त्याचं. मी सोबत होते, मी माझा रुमाल बांधला त्याला. गाडी हातगाडीवर चढवताना तू मला म्हणालास, "मंदे, तो रुमाल परत घे हां, चांगला होता."

असा होतास तू. परवा कुणी हे बोललं नाही, 'तापट' म्हणून मोकळे झाले. तापट म्हटलं की दूध उतू गेल्यासारखं काहीतरी वाटतं. तू माणसं फोडायचास. कारखान्याच्या गेटवर एका सुपरवायझरच्या कानाचा पडदा फाडलास, तेव्हा सहा महिने सस्पेंड होतास. परत घेताना साहेबांनी लिहून घेतलं होतं: पुन्हा पोलीस केस झाली तर नोकरी गेली. अंबरनाथची ती अंगणासकटची खोली कारखान्याची. नोकरीबरोबर तीही जाणार होती. सुमनवहिनी आणि दोन लहान पोरी त्या खोलीत राहत होत्या, हे तू विसरायचास. मी विसरायची नाही.

त्या गाडीचा एकेक भाग मला माझ्या एकेका माराबरोबर आठवतो. मला बदलापूरला दिलेली, कुळगावात. नवऱ्यानं, दिनकरनं, मारलं की मी आठ दिवस तुझ्याकडे यायची, आणि दर वेळी अंगणात गाडीचं काहीतरी उघडलेलं असायचं. कानातून रक्त आलं तेव्हा तू क्रँक बाहेर काढला होतास. मनगट मुरगळलं तेव्हा व्हॉल्व्ह घासत होतास, मी डाव्या हातानं रॉकेलमध्ये नटबोल्ट धुतले. बरगडी दुखावली तेव्हा टाकीचा पोचा काढून वर लांबीची पुट्टी भरली होतीस. मी घासकागद घेऊन टाकीपाशीच बसले, कारण आडवं पडलं की जास्त दुखायचं.

मी सांगायची, मोरीत पाय घसरला. तू म्हणायचास, "तुमच्या मोरीत शेवाळ फार." एवढंच. विचारलं तर काहीतरी करावं लागेल हे तुला माहीत होतं. मलाही.

टाकी घासतानाच आपलं ते भांडण झालं. त्या सकाळी पोळी करपली म्हणून तू वहिनीच्या पाठीत लाटणं घातलं होतंस. मी विचारलं, "दादा, तुझ्यात आणि दिनकरमध्ये फरक काय रे?"

तू घासायचं थांबला नाहीस. "मी दारू पिऊन मारत नाही."

"म्हणजे शुद्धीत मारतोस. ते बरं?"

पायाशी पडलेला पाना उचलून तू माझ्या डोक्याच्या बाजूनं भिरकावलास. भिंतीचं प्लॅस्टर पडलं.

"आण तो पाना इकडे."

मी आणला नाही. पाच मिनिटांनी तू उठून आणलास. मग आपण दोघं टाकी घासत बसलो, जेवायच्या वेळेपर्यंत.  

पण शिकवलंस, हेही सांगायला हवं. बायकांनी हत्यारांना हात लावू नये असं तू कधी म्हणाला नाहीस. कार्बोरेटर कसा खोलायचा, प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत कशी ओळखायची, पॉइंट म्हणजे काय, सगळं. इंजिनाच्या कडेला एका झाकणाखाली ती गोल पत्री असते, तिच्यावर पॉइंट बसवलेले. दोन स्क्रू ढिले केले की पत्री थोडी मागेपुढे फिरते. त्यावर ठरतं, ठिणगी लवकर पडणार की उशिरा. तू सिगारेटचा कागद सोलून पॉइंटच्या फटीत घालायचास, कागदाचं टोक माझ्या चिमटीत द्यायचास, आणि प्लगच्या भोकातून सायकलची तार आत सोडून पिस्टन कुठे आहे ते बघायचास. "कागद सुटला की बोल." पिस्टन नेमक्या जागी येताना कागद सुटला तर टायमिंग बरोबर. तेवढं काम तू माझ्याशिवाय कुणाला करू दिलं नाहीस. वहिनीचा हात हलतो म्हणायचास. तिचा हात का हलतो हे तुला विचारायला हवं होतं.

मग तो शनिवार आला. दिनकरनं माझं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं होतं. पुढचे दोन दात गेले. गळ्यावर बोटांचे वळ होते. कारण विचारू नकोस, त्याला कारण लागायचं नाही. मी तोंडाला पदर लावून संध्याकाळी तुझ्या अंगणात आले. या वेळी मोरीचं नाव घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तू पदर बाजूला केलास आणि बघितलंस. मग आत बघून म्हणालास, "सुमन, हिला कोमट दूध दे." आणि परत गाडीपाशी जाऊन बसलास. गाडीचं एवढंच काम राहिलं होतं, टायमिंग. मी दूध प्यायले आणि तू कागदाचं टोक माझ्यापुढे धरलंस.

ओठ सुजले होते, मला बोलता येत नव्हतं. कागद सुटला की मी टाकीवर बोट वाजवत होते. तू पत्री केसाकेसानं फिरवलीस. तीनदा तपासलंस. तुझा हात थरथरत नव्हता, दादा. मी हातभर अंतरावर होते, मी बघत होते. तिसऱ्यांदा कागद सुटला तेव्हा तू स्क्रू आवळलेस आणि म्हणालास, "उद्या इंजिन एकदा गरम झालं की छिन्नीनं खूण मारतो. आता याला कुणी हात लावायचा नाही. मीपण नाही."

मग तू गाडीची जुनी काढून टाकलेली चेन घेतलीस. रॉकेलमध्ये धुतलीस, पुसलीस, एका टोकाला पकडायला चिंधी गुंडाळलीस, सुतळीनं बांधलीस. ज्या काळजीनं इंजिन बांधलंस त्याच काळजीनं.

सकाळी वहिनी तुझ्या पायाशी बसली. "दोन पोरी आहेत हो पदरात."

तू तिला पायानं बाजूला सारलंस. "दोन वाजता तो शिफ्टला निघतो. त्याच्या आत त्याच्या दारात पोचायचंय. आळी बघेल."

"काय बघेल आळी?" मी विचारलं. त्या सुजलेल्या तोंडानं मी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"किती वेळ उभा राहतो ते."

दिनकरची मला दया आली नव्हती. तो मेला असता तर मी रडले नसते, हे आज लिहायला हरकत नाही. पण त्याच्यासाठी तू आत जाणार, वहिनी पोरींना घेऊन रस्त्यावर येणार आणि मी तिघींच्या तोंडाकडे बघत बसणार, हे मला मान्य नव्हतं. तुला समजावणं म्हणजे पाना चुकवणं. हात धरणं शक्य नव्हतं. उरली गाडी.

तुझी एक खोड मला पक्की माहीत होती. बंद इंजिन सोडून तू कुठेच जाऊ शकत नव्हतास. स्वतःच्या साखरपुड्याला दीड तास उशिरा आलास, कारण वाटेत कुणाचातरी पाण्याचा पंप चालू होत नव्हता. बदलापूर एका स्टेशनावर. दुसरा माणूस चेन पिशवीत घालून लोकल पकडून गेला असता. तू नाही. एकदा किक मारलीस आणि इंजिन बोललं नाही, की ते बोलेपर्यंत तू अंगण सोडणार नव्हतास. मला तुला दोन वाजेपर्यंत अडकवायचं होतं. त्यापुढचा विचार मी केला नव्हता.

रविवारची सकाळ, सगळी वस्ती शेजारच्यांच्या टीव्हीपुढे हात जोडून बसलेली. ती पौराणिक मालिका लागली की अंगणात कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही. वहिनी पोरींना घेऊन तिकडेच गेली होती, तुझ्या नजरेसमोरून हलायचं म्हणून. तू डबा घेऊन पेट्रोल आणायला गेलास. मी झाकणाचे स्क्रू काढले.

वायर काढली असती तर तुला दोन मिनिटांत सापडली असती. प्लग बदलला असता तर तीन. तू ओळीनं तपासायचास: आधी पेट्रोल, मग करंट, मग दम, म्हणजे इंजिनातला दाब. त्या ओळीत न येणारी एकच जागा होती, जिला तू स्वतःच कुणी हात लावायचा नाही म्हणाला होतास. मी पत्रीचे दोन स्क्रू ढिले केले, पत्री अंगठ्याच्या नखाएवढी सरकवली, स्क्रू आवळले. पॉइंटमधली फट होती तेवढीच राहिली. झाकण लावलं, माझ्या बोटांचे तेलकट डाग पदरानं पुसले. खूण मारलेली नव्हती, त्यामुळे डोळ्यांना काही दिसणार नव्हतं.

फक्त कुठल्या बाजूला सरकवायची, याचा मी विचार केला नाही. बिघडवायचंच आहे तर कुठलीही बाजू चालेल असं मला वाटलं. तू मला बसवायला शिकवलं होतंस. बिघडवायला नाही.

तू आलास, पेट्रोल घातलंस, चेन हँडलला अडकवलीस आणि किक मारलीस. काही नाही. दहा किका. वीस. मग तू बसलास आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. तू प्लग काढून इंजिनाला टेकवलास, मला म्हणालास, "मार किक." ठिणगी निळी, टणक. "करंट आहे." कार्बोरेटरची वाटी खोललीस. "पेट्रोल आहे." प्लगच्या भोकावर अंगठा दाबलास. "दम आहे. मग हिला झालंय काय?" पॉइंटचं झाकण उघडलंस.  तू फटीत मापाची पत्ती घालून बघितलीस, फुंकर मारलीस, म्हणालास, "हे बरोबरच आहे," आणि बंद केलंस.

एक वाजून गेला. मालिका कधीच संपली होती, माणसं कुंपणाशी जमली होती. कुणीतरी म्हणालं, "प्रल्हाददा, टायमिंग बघा की एकदा."

"टायमिंगचं नाव काढू नकोस. कागद लावून बसवलंय. तुझ्या बापानं बसवलंय का?"

पुढची किक मारलीस आणि कार्बोरेटरमधून फाडकन आवाज आला, ज्वाळ बाहेर आली. किकचा दांडा झटका देऊन वर आला आणि तुझी चप्पल उडाली. तेव्हा मला कळलं, मी पत्री चुकीच्या बाजूला फिरवली होती. ठिणगी उशिरा पडायला हवी होती, म्हणजे इंजिन नुसतं रुसलं असतं. ती फार लवकर पडत होती. पिस्टन वर येत असतानाच त्याला तोंडावर फटका बसत होता, आणि तो फटका उलटा तुझ्या पायात येत होता.

इथून पुढची वीस मिनिटं माझी आहेत, दादा. बाकी सगळ्याचा मी हिशोब लावू शकते, या वीस मिनिटांचा नाही. मी तोंड उघडलं होतं. 'थांब, पत्री मी फिरवलीय,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात तू हँडलवरची चेन ओढलीस आणि टाकीवर घातलीस. तीन हात रंग दिलेली, मी बरगडी धरून घासलेली ती टाकी. पहिल्या फटक्यात रंग उडाला, तिसऱ्यात पत्रा आत गेला. तू तिला आईबहिणीवरून शिव्या देत होतास. हेडलाइट फुटला. एक काच माझ्या पायाशी आली. कुंपणावरची माणसं मागे सरली. वहिनी पोरींना घेऊन आत गेली आणि तिनं कडी लावली. मी उघडलेलं तोंड मिटलं. ती चेन माझ्यावर आली असती. आली नसती असं आज म्हणता येईल, पण तेव्हा तुझा चेहरा मी बघितला होता.

मग तू चेन फेकलीस, चप्पल न घालताच गाडीवर उभा राहिलास आणि सगळं अंग किकवर टाकलंस.

आवाज मी विसरलेले नाही. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दांडा तुझ्या घोट्यावर बसला, तू उडून पडलास आणि गाडी तुझ्यावर आली. घोट्याच्या वर हाड बाहेर आलं होतं, पांढरं. रक्त आणि पेट्रोल अंगणात एकत्र वाहत होतं. कुणीतरी बिडी ओढत होता, त्याच्या मी मुस्काटात मारून बिडी पाडली. आणि तू, पायाकडे न बघता, ओरडत होतास, "चालू का नाही होत ही? सगळं बरोबर आहे. चालू का नाही होत?"

तेव्हा दीड वाजला होता.

उल्हासनगरच्या दवाखान्यात तुझा पाय वजन लावून टांगून ठेवला. मंगळवारी दिनकर आला, तुला बघायला म्हणून. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून हसला. "मेहुणे, माझ्यासाठी गाडी काढली होती म्हणे. पोचली नाही का?"

तू पलंगाखालचं भांडं उचलून त्याच्या तोंडावर मारलंस. रिकामं नव्हतं. सगळा वॉर्ड हसला. टांगलेल्या पायाचे लोकही हसले. मी त्याला व्हरांड्यात घेऊन गेले आणि सांगितलं, "मी येत नाही. सामान पाठवून दे." त्यानं माझे केस धरले. तेवढ्यात वहिनी जिना चढून आली, हातात तुझा जेवणाचा डबा, चार पुडाचा, पितळी. तिनं तो त्याच्या डोक्यात घातला. वरण त्याच्या मानेवरून खाली आलं, मागोमाग रक्त.

"सुमन, काय झालं गं?" तू आतून ओरडलास.

"काही नाही. तुमचं वरण सांडलं," वहिनी म्हणाली.

दिनकर परत आला नाही. त्याच्या डोक्याला पाच टाके पडले, पण बायकोच्या भावजयीनं डबा मारला ही तक्रार घेऊन तो पोलिसात जाणार नव्हता. तुझं काम वहिनीनं केलं, दादा. नोकरी न जाता.

तुझा पाय वाकडा जुळला. आठ महिन्यांनी तू बाहेरचा मिस्त्री बोलावलास. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या गाडीला दुसऱ्याचा हात. त्यानं झाकण उघडलं, पत्री बघितली. "दादा, टायमिंग लई पुढं होतं. असं कोण बसवतं?" मी चहाचा कप घेऊन उभी होते. तू म्हणालास, "मी. रागात होतो. रागात हात चुकतो." ते वाक्य तू पहिल्यांदा तेव्हा बोललास. माझ्या हातून चहा घेतलास आणि म्हणालास, "मंदे, त्या दिवशी मी तुझ्यासाठी पोचलो नाही."

पुढे दर दोन-चार महिन्यांनी म्हणायचास. मंदे, मी पोचलो नाही. मी म्हणायची, जाऊ दे रे. बारा वर्षं तू माझी माफी मागितलीस आणि मी ती घेत राहिले.

का सांगितलं नाही? पहिलं वर्ष भीती. मग सवय. मग मला कळलं की तुझी ती चूक आम्हां दोघींच्या कामाची आहे. तू वहिनीवर हात उचलायचं बंद केलंस. पहिले काही महिने कुबड्या दोन्ही हातांत होत्या, म्हणून. नंतर हात रिकामे झाले तरी उचलला नाहीस. तू एकदा पाण्यावरून शेजाऱ्यावर काठी फेकलीस, नाही असं नाही, पण घरात नाही. जो माणूस स्वतःच्या हातावर शंका घेतो तो हात उगारताना थांबतो. ती शंका मी तुझ्यात घातली होती आणि काढून घ्यायची माझी तयारी नव्हती. तू मात्र त्यानंतर एकही इंजिन स्वतः बांधलं नाहीस. लोक यायचे, तू खुर्चीवर बसून सांगायचास आणि हात खिशात ठेवायचास.

माझं पोट तुझ्या शिकवण्यावर चाललं. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात मी शिवायला लागले. मशीनलाही टायमिंग असतं, सुई खाली येते आणि आकडा दोरा पकडतो त्याचं. मिस्त्री दोन-दोन दिवस यायचा नाही. एकदा मी बायकांना म्हटलं, सरका, आणि मशीनचं डोकं उलटं केलं. आता चाळीस मशिनी मीच बघते. तुला सांगितलं तेव्हा तू हसलास आणि विचारलंस, "कागद लावतेस का?" तेव्हा सांगता आलं असतं. तुझा हात खिशातच होता.

काल भांडी आवरताना मी वहिनीला सगळं सांगितलं. तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या कानाखाली एक वाजवली. तिचा हात एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं. मग ती पाटावर बसली. म्हणाली, "पाय मोडायचाच होता, तर माझ्या लग्नाच्या वर्षी मोडायचा होतास."

मी हसले. तीही हसली असावी. मग तिनं विचारलं, "म्हणजे ह्यांचं टायमिंग बरोबर होतं?"

"हो."

"अगदी?"

"केसभर चूक नव्हती, वहिनी."

तू गेल्यापासून ती रडली नव्हती. काल रडली. म्हणाली, शेवटच्या आठवड्यात तू तिला म्हणाला होतास, "सुमन, माझा हात चांगला होता गं. एकदाच दगा दिला त्यानं, तोही बहिणीच्या वेळेला."

ते ऐकलं आणि मी वही घेऊन बसले.

तुझ्या हातानं दगा दिला नाही, दादा. पायाबद्दल आणि त्या वीस मिनिटांबद्दल मी तुझी माफी मागते. बारा वर्षं तुझे हात खिशात ठेवले, त्याचीही. गाडी बंद पाडली, त्याची मागत नाही. उद्या तोच रविवार पुन्हा आला, तू पेट्रोल आणायला गेलास आणि हँडलवर ती चेन असली, तर मी पुन्हा झाकण उघडीन. फक्त पत्री दुसऱ्या बाजूला फिरवीन. ठिणगी उशिरा पडेल. तू दोन वाजेपर्यंत घामाघूम होऊन किक मारत राहशील, मला आणि त्या गाडीला शिव्या देशील, आणि दिनकर शिफ्टला निघून गेल्यावर दोन्ही पायांवर चालत घरात जेवायला येशील.